हक्क शिकवले म्हणून मुलं उलट बोलतात का?

पाचवीच्या एका वर्गशिक्षिकेची तक्रार. २० नोव्हेंबरला, बालहक्क दिनी, वर्गात हक्कांचा तक्ता लावला आणि आठवडाभरात गणिताच्या तासाला पाच-सहा मुलं "पाणी पिणं आमचा हक्क आहे, बाई" म्हणत बाहेर पडू लागली. मग बाईंनी नियम केला: गृहपाठ पूर्ण असेल त्यालाच सोडायचं. भांडणं वाढली. हक्क शिकवायलाच नको होते का?

घोटाळा तक्त्यात नाही, नियमात आहे. पाणी गृहपाठाचं बक्षीस झालं की तो हक्क उरत नाही. जबाबदारी येते ती शेजारच्यालाही तोच हक्क आहे म्हणून.

बाईंना एकच भांडण निवडायला सांगितलं: पाण्याचं. पाच-पाच मुलांचे गट, वीस मिनिटं आणि पहिला प्रश्न, "तासाला तहान का लागते?" उत्तर बाईंना नवं होतं. मधल्या सुट्टीत चालू नळ दोनच, मोठी मुलं बाटल्या भरत बसतात, लहानांचा नंबर लागेपर्यंत घंटा होते.

मग फळ्यावर वर्गाच्या कराराचे दोन रकाने: मुलांनी काय करायचं, बाईंनी काय करायचं. दुसरा रकाना बहुतेक वर्गांत नसतोच, आणि करार तिथेच मोडतो. मुलांनी ठरवलं, बाटली परिपाठाआधी भरायची, बाकावर ठेवायची, न विचारता प्यायची. लघवीला जाताना दाराजवळची लाकडी पट्टी पास म्हणून घ्यायची. मुलींची एक, मुलांची एक. घाई असेल त्याने पट्टीसाठी थांबायचं नाही. बाईंनी कबूल केलं की तास घंटेला संपवीन आणि नळाचं मुख्याध्यापकांच्या कानावर घालीन.

नियम चारच्या वर नकोत आणि ते डोळ्यांना दिसणारे हवेत. "सर्वांचा आदर करू" पाळला की मोडला, कसं ठरवणार? नियम मोडणाऱ्याला मुलं हमखास उठाबशा सुचवतात, मोठ्यांपेक्षा कडक असतात ती. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, हे तिथेच सांगावं. पाणी सांडलं तर पुसायचं, एवढं पुरे. मतदानही जपून घ्या: कोणता खेळ खेळायचा ते मतांनी ठरेल, कोणाला खेळू द्यायचं ते नाही.

शनिवारी दहा मिनिटं आढावा. सुरुवातीला पट्टी उगाच फिरते, नवलाई असते. तेवढ्यावरून काढून घेऊ नका. पण पुढेही एकच मूल रोज त्याच तासाला उठत असेल, तर त्याला बाजूला घेऊन विचारा: तब्येतीचं काही आहे, की गणित जड जातंय?