बोदोनीला जागा लागते

प्रिय दोस्ता,

लग्नपत्रिकेची पीडीएफ पाहिली. दर्शनी पानावरची इंग्रजी नावं बोदोनी या जाड दांडे नि केसासारख्या बारीक रेघांच्या टाइपात, 60 पॉइंटला, भोवती भरपूर कोरी जागा. झकास! पण आत पत्ताही तू त्याच टाइपात लावलास, तोही 7 पॉइंटला, मरून रंगावर पांढरा. तिथे घात होणार.

नवखा असताना मी एका साडीच्या दुकानाचा कॅटलॉग असाच केला होता. स्क्रीनवर देखणा दिसला. छापून आला तेव्हा इंग्रजी 'e'मधली आडवी रेघ शाईनं गिळली होती. सगळ्या 'e'च्या 'c' झाल्या. मालकांनी पैसे कापले नाहीत, पण पुन्हा कामही दिलं नाही. रिव्हर्समध्ये, म्हणजे गडद रंगावर पांढरं छापताना, अक्षर म्हणजे नुसता कोरा कागद, शाई दोन्ही बाजूंनी आत सरकते. त्यात मरून दोन-तीन शायांतून होणार. रजिस्टर, म्हणजे या शायांचं एकावर एक बसणं, केसभर हललं की बारीक रेघ गेलीच.

हा टाइप घडवणारा जांबातिस्ता बोदोनी (1740–1813) हे पक्कं जाणून होता. 1768 पासून तो इटलीत पार्माच्या ड्यूकचा छापखाना सांभाळत होता. गुळगुळीत कागद, काळीभोर शाई, ऐसपैस समास, ओळींत मोकळी हवा, हे सगळं हाताशी होतं म्हणून त्या रेघा टिकल्या. शिवाय तेव्हा प्रत्येक मापाचा पोलादी ठसा वेगळा कोरावा लागे. आपण एकच फाइल 7 ला नि 70 ला ताणतो आणि दोष टाइपाला देतो. 1994 च्या आयटीसी (इंटरनॅशनल टाइपफेस कॉर्पोरेशन) बोदोनीत म्हणूनच 6, 12 आणि 72 पॉइंटांसाठी वेगवेगळी अक्षरं काढली आहेत. पत्त्याला हवाच असेल तर त्यातला 6 वाला घे. खरं तर तिथे साधा, अंगानं भरलेला टाइप लाव. छोट्या मापात बोदोनीचे जाड दांडे तेवढे उरतात आणि ओळ खिडकीच्या गजांसारखी दिसते.

(गिऱ्हाईक 'व्होग' या फॅशन मासिकासारखं म्हणालं तर ते दिदो टाइप मागतंय. बोदोनीचा पॅरिसचा चुलतभाऊ, नखरा तोच.)

आता मराठी नावं. 'देवनागरी बोदोनी' शोधत बसू नकोस. बोदोनीत उभं ते जाड, आडवं ते बारीक. हा नियम आपल्याकडे आणलास की शिरोरेषा सुतासारखी होते आणि शब्द तुटायला आलेल्या दोरीवर वाळत घातल्यासारखे दिसतात. आपली जाडी-बारीकी तिरक्या कापलेल्या बोरूतून आली, तिचा तिरकस डौल निराळा. बोरूचं वळण राखणारा टाइप निवड, दोन्ही नावं हातभर लांब धरून बघ, गडदपणा जुळला की पुरे. रफार आणि अनुस्वार शाईत भरत नाहीत ना, तेवढं तपास.

प्रूफ त्याच कागदावर काढ आणि चष्मा घरी विसरणाऱ्या कुणाकडून तरी पत्ता वाचून घे. दर्शनी पानाला मात्र हात लावू नकोस.

तुझा,
जुना कंपोझिटर