भाच्याला टोरांटोहून पुस्तकं टाकायची आहेत

प्रश्न : ताई, भाच्याने टोरांटोहून कोबोचा ई-रीडर आणला आणि त्यावर कोरीडर हे सॉफ्टवेअरही चढवून दिलं. अडचणी दोन. मराठी पुस्तकांत जोडाक्षरं फुटतात. ‘स्वयंपाक’मधला स पाय मोडून एकटा उभा आणि व पलीकडे. दुसरं, भाचा म्हणतो, “मावशी, एसएसएच सुरू कर, पासवर्डशिवाय लॉगिन चालू ठेव आणि राउटरवर पोर्ट उघडून दे. मी इथून पुस्तकं टाकत जाईन.” करू का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : जोडाक्षरांचं आधी, कारण ते पटकन होतं. पुस्तक उघडून खालचा मेन्यू काढा आणि ‘फॉन्ट कर्निंग’ला ‘बेस्ट’ करा. नावावरून वाटतं दोन अक्षरांमधल्या अंतराचं काही असेल, पण हार्फबझ ही अक्षरजुळणीची लायब्ररी पूर्णपणे कामाला लागते ती याच पर्यायाने, आणि देवनागरीचं तिच्याशिवाय भागत नाही. फॉन्ट बदलायचा असेल तर यूएसबीने कोबो जोडा आणि समोर दिसणाऱ्या जागेत ‘फॉन्ट्स’ (इंग्रजीत fonts) नावाचं फोल्डर करून त्यात टाका. मी ‘तिरो देवनागरी मराठी’ वापरते. फुकट आहे आणि त्यातले ल, श आपल्या वळणाचे आहेत. तरीही अक्षर हललं नाही तर पुस्तकाने स्वतःचा फॉन्ट बरोबर आणलेला असतो. ‘एम्बेडेड फॉन्ट्स’ बंद करा.

आता भाचेबुवा. नाही, करू नका.

एसएसएच म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून यंत्राच्या आत शिरायची सोय. कोबोच्या पोटात लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि कोरीडरच्या एसएसएचमधून आत येणारा थेट ‘रूट’ म्हणून, म्हणजे सगळे अधिकार घेऊन येतो. म्हणजे नुसती पुस्तकं नाहीत, तुमच्या घरच्या वायफायचा पासवर्डही त्याच्या हाती. ‘लॉगिन विदाउट पासवर्ड’ या पर्यायापुढे ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनीच कंसात मोठ्या अक्षरांत ‘डेंजरस’ लिहिलंय. इतकं स्पष्ट कोणी सांगत नाही हल्ली. त्यात राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं नंबरी दार, उघडलात तर भाच्याआधी भलतेच येतील. उघडी पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर दिवसरात्र चालू असतात. नेहमीच्या २२ ऐवजी कोरीडर २२२२ वापरतो, म्हणून कोणाला सापडणार नाही असं नाही. शिवाय रीडर झोपला की वायफाय जातं, म्हणजे तुम्ही वाचत असाल तेव्हाच त्याला आत येता येणार. टोरांटोच्या वेळेशी कसं जुळवणार?

त्यापेक्षा उलटं करा. कोरीडरमध्ये ‘क्लाउड स्टोरेज’ आहे, ते ड्रॉपबॉक्स किंवा वेबडॅव्ह अशा इंटरनेटवर फाइली ठेवायच्या सोयींना जोडता येतं. भाच्याने तिथे पुस्तक ठेवायचं, तुम्ही रीडरवरून उतरवून घ्यायचं. बाहेरच्या कोणी आत यायची गरजच उरत नाही. जोडणी एकदाच करावी लागते, ती त्याच्याकडून व्हिडिओ कॉलवर करून घ्या.

घरातल्या घरात, कॉम्प्युटरवरून फाइली टाकायला मात्र एसएसएच छान आहे. गिअरच्या मेन्यूत नेटवर्क, त्यात एसएसएच सर्व्हर. एकदा चालू-बंद केलात की कोरीडरच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘एसएसएच’ फोल्डर तयार होतं. पासवर्डऐवजी किल्लीने आत येण्यासाठी कॉम्प्युटरवर ‘एसएसएच-कीजेन’ हा किल्ल्या बनवणारा प्रोग्राम चालवा, दोन फाइली मिळतात. त्यातली ‘डॉट पब’वाली, म्हणजे पब्लिक की, तिच्यातली ओळ त्या फोल्डरात ‘ऑथराइज्ड अंडरस्कोअर कीज’ (authorized_keys) नावाच्या फाइलमध्ये चिकटवा. दुसरी फाइल कॉम्प्युटर सोडून कुठेही जाता कामा नये, भाच्याच्या व्हॉट्सॲपवरही नाही. आणि नोटपॅड फाइलच्या शेपटाला गुपचूप ‘डॉट टीएक्सटी’ लावतं, ते काढा. निम्म्या लोकांचं गाडं इथेच अडतं, आणि मग वैतागून ते ‘डेंजरस’वर टिचकी मारतात. जोडायला विनएससीपी हा फाइली पाठवायचा विंडोजवरचा प्रोग्राम चालेल: त्यात एसएफटीपी हा प्रकार निवडा, पोर्ट २२२२, नाव रूट. पुस्तकं ‘एमएनटी’मधल्या ‘ऑनबोर्ड’मध्ये असतात, त्याच्या बाहेर बोट लावू नका.

काम झालं की सर्व्हर आणि वायफाय दोन्ही बंद. बॅटरीही टिकते.

भाच्याला एवढीच हौस असेल तर त्याचीही पब्लिक की त्याच फाइलमध्ये खालच्या ओळीवर घाला. दिवाळीला मिरजेला आला की घरच्या वायफायवर बसून हवं ते करू दे.