रोजची सिगारेट आता शनिवारपुरती. एवढे पुरे का?

प्रश्न : रोज पाकीटभर सिगारेट ओढणारा मी आता केवळ शनिवारी मित्रांसोबत दोन ओढतो. एवढ्याने काय बिघडते?

उत्तर : रोजची सवय मोडलीत, हे सोपे काम नव्हे. मात्र हृदयाचा धोका सिगारेटींच्या संख्येच्या प्रमाणात घटत नाही. रोज एकच ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश विश्लेषणात आढळले. शिवाय टपरीवर चहाचा ग्लास हातात येताच सुटी सिगारेट मागण्याची सवय दर शनिवारी ताजी होते, आणि कामाचा ताण वाढला की शनिवारचा बुधवार व्हायला वेळ लागत नाही. त्या दोनही सोडाच. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तोवर टपरीपासून दूर जावे. जड गेल्यास राष्ट्रीय क्विटलाइनच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते.