चाकोरी धरणारी गाडी : दोष टायरचा की कॅम्बरचा?

प्रश्न : माझ्याकडे पोर्शे ७१८ केमन असून वर्षातून एकदोनदा ती कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर नेतो. त्यासाठी २० इंची चाकांवर २३५/३५ मापाचे अर्ध-स्लिक (कमी खाचांचे, ट्रॅककडे झुकणारे) टायर बसवले आणि पुढच्या चाकांना उणे २.५ अंश कॅम्बर दिला, म्हणजे त्यांचा वरचा भाग आत झुकवला. ट्रॅकवर गाडी उत्तम चालते, पाम बीच मार्गावरही तक्रार नाही. घोडबंदर रस्त्यावर मात्र अवजड वाहनांच्या मार्गिकेत शिरलो की स्टीअरिंग कधी डावीकडे, तर कधी उजवीकडे हिसका देते. टायरवाला अलाइनमेंटकडे (चाकांच्या कोनांच्या जुळणीकडे) बोट दाखवतो आणि अलाइनमेंटवाला टायरकडे. नेमके काय समजावे? — एक वाचक, नेरुळ

उत्तर : दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे; मात्र सुरुवात टायरपासून करावी. न्हावा-शेवा आणि गुजरात यांच्या दरम्यान धावणाऱ्या कंटेनरच्या भाराने, त्यातही उन्हात मऊ पडलेल्या डांबरावर, रस्त्यात लांबच लांब चाकोऱ्या पडतात. पुढचे चाक अशा चाकोरीच्या कडेवर चढले की त्याच्या खालचा रस्ता तिरपा असतो. मऊ साइडवॉलचा (टायरच्या बाजूच्या भिंतीचा) टायर तिथे थोडा वाकतो आणि त्या तिरपेपणाशी जुळवून घेतो. ताठ साइडवॉलचा रुंद टायर वाकत नाही; त्याची एक कडच भार घेते, भाराचा मध्य चाक ज्या अक्षावर वळते त्यापासून दूर सरकतो आणि त्या अंतरामुळे निर्माण होणारा पीळ थेट स्टीअरिंगमध्ये येतो. याचेच नाव ट्रॅमलायनिंग. अर्ध-स्लिक टायरमध्ये ट्रेडचे (रस्त्याला टेकणाऱ्या रबरी थराचे) ठोकळे मोठे आणि खाचा कमी असल्याने ट्रेडसुद्धा ताठ राहतो. वळणावर स्टीअरिंगला मिळणारा जो तत्पर प्रतिसाद आपल्याला आवडतो, तो याच ताठपणाचा गुण आहे. हिसके ही त्याचीच दुसरी बाजू.

आता कॅम्बर. उणे कॅम्बर दिलेले प्रत्येक पुढचे चाक गाडीच्या मध्याकडे रेटा देत असते. सपाट रस्त्यावर डाव्या-उजव्या चाकांचे रेटे एकमेकांना खोडून काढतात. पाम बीच मार्गावर आपल्याला काही जाणवत नाही ते त्यामुळेच. एक चाक चाकोरीत उतरून हलके झाले की दुसऱ्याचा रेटा वरचढ होतो. त्यात अलाइनमेंट करताना टो-आउट ठेवला असेल, म्हणजे चाकांच्या पुढच्या कडा किंचित बाहेर वळवल्या असतील, तर गाडी आणखी चंचल होते. शिवाय चाकांचे असे कोन ठेवून शहरात रोज चालवल्यास आतली कड आधी झिजते आणि टायरचा आकारच किंचित शंकूसारखा होतो. वरून पाहताना टायर नवा वाटतो. स्टीअरिंग पूर्ण वळवून आतल्या कडेवर हात फिरवून पाहावा, तिथे तो बऱ्याचदा गोटा झालेला सापडतो.

हवेकडेही लक्ष हवे. ट्रॅकवर टायर तापून दाब वाढतो, म्हणून अनेक जण निघताना हवा कमी ठेवतात आणि परतल्यावर ती पुन्हा भरायला विसरतात. कमी हवेत टायरच्या कडांवर भार वाढतो. त्यामुळे रोजच्या वापरासाठी टायर थंड असताना कंपनीने सांगितलेला दाबच ठेवावा.

एकाच संचावर रस्ता आणि ट्रॅक दोन्ही भागवणे ही काटकसर मला फसवी वाटते. याच गाडीला कंपनीचे १८ इंची चाक २३५/४५ मापाच्या टायरसह येते (पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या टक्क्यांत साइडवॉलची उंची). रुंदी तीच, पण साइडवॉल साधारण ८२ मिलिमीटरऐवजी १०६ मिलिमीटर! चाकोरीवर हा फरक लगेच कळतो. घोडबंदरचे खड्डे लक्षात घेता रिमही वाचते. या चाकांवर रस्त्यासाठीचा स्पोर्ट टायर घालावा. उदाहरण द्यायचे तर मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४ एसचा ट्रेडवेअर (झिजेला टिकण्याचा) आकडा ३०० आहे, तर ट्रॅककडे झुकणाऱ्या पायलट स्पोर्ट कप २ चा १८०. त्यामुळे पहिला सहसा जास्त टिकतो. पावसाळ्याचे तर बोलायलाच नको: साचलेल्या पाण्यावर कमी खाचांचा टायर तरंगू लागतो, आणि जूनपासून पुढे आपल्याकडे साचलेले पाणी कुठे नसते?

रस्त्यासाठी कॅम्बर कंपनीच्या मर्यादेत आणून अगदी किंचित टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा आत) ठेवावा. त्यानंतरही सपाट रस्त्यावर गाडी सतत एकाच बाजूला ओढत असेल, तर ते ट्रॅमलायनिंग नव्हे. मग टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि बुश हे स्टीअरिंग-सस्पेन्शनचे सांधे तपासून घ्यावेत.

प्रश्न : गाडी रुंद दिसावी म्हणून पुढच्या चाकांना स्पेसर (चाकामागे बसवायच्या चकत्या) लावले. टायर तेच आहेत, तरी गाडी आता चाकोरी धरते. असे का? — एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : स्पेसरमुळे चाक बाहेर सरकले आणि ज्या रेषेभोवती ते वळते तिच्यापासूनचे अंतर बदलले. त्यामुळे रस्त्याचा तोच धक्का आता स्टीअरिंगवर अधिक जोर लावतो. मूळच्या ऑफसेटवर, म्हणजे चाक आपल्या मूळ जागी असताना, टायरला जे सहज पेलत होते, तेच आता आपल्या हाताला जाणवते. नवे टायर घेण्याचा विचार असेल, तर तो तूर्त बाजूला ठेवून आधी स्पेसर काढून त्याच रस्त्याने एक फेरी मारावी.