अल्फाफोल्ड आल्यावर प्रथिनांच्या प्रयोगशाळेत करायचं काय उरलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीमुळे अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाचा आकार संगणकच सांगत असेल तर प्रयोग कशाला, आणि पीएचडीच्या आधी एखादी नवी पद्धत शिकायची तर कोणती? मी प्रथिनं शुद्ध करून त्यांची रचना पाहणाऱ्या गटात काम करते. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूला जरा झुकलेलं असणार, तेवढं वजा करून वाचा.

काम उरलंय, भरपूर उरलंय. प्रश्न मात्र बदललेत. 1958 मध्ये जॉन केंड्रू यांच्या गटाने मायोग्लोबिनची ढोबळ रचना दाखवली, तेव्हा एका प्रथिनाचा आकार कळणं हेच वर्षानुवर्षांचं काम होतं. 1971 मध्ये प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रयोगांतून कळलेल्या रचनांचा सार्वजनिक संग्रह, सुरू झाली ती अवघ्या 7 रचनांवर. आज अल्फाफोल्डच्या संग्रहात 20 कोटींहून जास्त अंदाज आहेत, आणि 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाला. पण त्या संग्रहातलं चित्र बहुधा प्रथिनाच्या एकाच अवस्थेचं असतं. आयन चॅनल, म्हणजे पेशीच्या पडद्यातून आयन आत-बाहेर सोडणारं प्रथिन, उघडं असताना कसं दिसतं आणि बंद असताना कसं, औषधाचा रेणू बसल्यावर कुठला भाग हलतो, पेशीत ते कोणाच्या शेजारी असतं, हे त्यावरून खात्रीने सांगता येत नाही. शिवाय माणसाच्या कितीतरी प्रथिनांत ठरावीक आकारच नसलेले लांबलचक भाग असतात. तिथे अल्फाफोल्ड स्वतःच कमी खात्रीचा शेरा मारतं आणि सैल वेटोळी काढून मोकळं होतं.

आधी क्रायो-ईएम, म्हणजे गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकी, घेऊ, कारण गाजावाजा तिचाच जास्त. बारीक भोकांच्या ग्रिडवर, म्हणजे छोट्या गोल जाळीवर, शुद्ध प्रथिनाचा थेंब ठेवायचा, टिपकागदाने जास्तीचं द्रावण टिपून घ्यायचं आणि ग्रिड लगेच अतिथंड द्रव इथेनमध्ये बुडवायची. पाण्याला स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, त्याची काच होते आणि रेणू आहेत त्या अवस्थेत अडकतात. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने लाखो रेणूंच्या पुसट प्रतिमा घेऊन त्यांतून त्रिमितीय रचना उभी करायची. या पद्धतीसाठी 2017 चं नोबेल मिळालं, पण खरी उसळी आधीच आली होती, इलेक्ट्रॉन थेट मोजणाऱ्या नव्या डिटेक्टरांमुळे. उष्णता आणि मिरचीतलं कॅप्सेसिन ओळखणाऱ्या टीआरपीव्ही1 चॅनलची रचना 2013 मध्ये 3.4 अँगस्ट्रॉमपर्यंत (1 अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) आली, तीही स्फटिक न बनवता. 2020 मध्ये अ‍ॅपोफेरिटिनचे अणू सुटे दिसले. ते पाहून हुरळून जाऊ नका. अ‍ॅपोफेरिटिन फार गुणी प्रथिन आहे, तुमच्या वाट्याला येणारं तसं असेलच असं नाही.

जाहिरातीत न दिसणारी अडचण ग्रिडवरच असते. तिथला द्रवाचा थर इतका पातळ असतो की गोठायच्या आधीच्या क्षणभरात रेणू पुन्हापुन्हा हवेच्या पृष्ठभागाला जाऊन थडकतात. काही तिथेच उलगडतात, काही एकाच बाजूने चिकटून बसतात आणि दुसऱ्या बाजूच्या प्रतिमाच मिळत नाहीत. मग किंचित डिटर्जंट घाला, ग्रिडवर ग्राफीनचा पापुद्रा लावून बघा, ग्रिड तिरकी करून प्रतिमा घ्या, असे उद्योग सुरू होतात. रचना उलगडणाऱ्या गटांचा वेळ सूक्ष्मदर्शकापेक्षा इथेच जास्त जातो.

म्हणूनच मला मास फोटोमेट्रीचं फार कौतुक वाटतं. 2018 मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने ही पद्धत मांडली. काचेवर येऊन टेकणारा एकेक रेणू किती प्रकाश विखुरतो त्यावरून त्याचं वस्तुमान कळतं. अगदी विरळ द्रावणाचे काही मायक्रोलिटर पुरतात आणि नमुन्यातलं संकुल अख्खं आहे की तुटलंय हे काही मिनिटांत समजतं. फार छोटी प्रथिनं मात्र तिला दिसत नाहीत.

क्रायो-टोमोग्राफी म्हणजे हेच काम थेट पेशीत. गोठवलेली पेशी आयनांच्या झोताने तासून शे-दोनशे नॅनोमीटर जाडीची चकती उरवायची आणि ती तिरकी करत करत प्रतिमा घ्यायच्या. रायबोसोम आपापल्या जागी काम करताना दिसतात, आणि दृश्य खरोखर थक्क करणारं असतं. पण पेशीतली गर्दी इतकी की छोटं प्रथिन ओळखताच येत नाही.

शेजारी कोण, या प्रश्नावर मला सर्वांत पटलेलं उत्तर म्हणजे सान्निध्य-खूण पद्धती. जुनी रीत अशी: पेशी फोडायची, आपलं प्रथिन प्रतिपिंडाने ओढून काढायचं आणि सोबत काय आलं ते बघायचं. यात घट्ट जोडीदार सापडतात, क्षणभर भेटून जाणारे धुण्यात निघून जातात. 2012 मध्ये आलेल्या बायोआयडीने हा क्रमच उलटवला. आपल्या प्रथिनाला एक एन्झाइम जोडून ते जिवंत पेशीतच बनवून घ्यायचं. ते एन्झाइम साधारण 10 नॅनोमीटरच्या परिघात येणाऱ्या प्रथिनांवर बायोटिन या छोट्या रेणूची खूण करत सुटतं. नंतर पेशी फोडा, बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिन या प्रथिनाच्या मण्यांवर खूण झालेली प्रथिनं पकडा आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, ओळखा. बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनची पकड इतकी जबर की कितीही कडक धुतलं तरी सुटत नाही. बायोआयडीला खूण करायला 18 ते 24 तास लागत. 2018 मध्ये आलेलं टर्बोआयडी 10 मिनिटांत तेच करतं, म्हणजे पेशीला संदेश मिळाल्यावर शेजार कसा बदलतो हेही टिपता येतं.

पण यादी हातात आली की भुलायला होतं. शेजारी असणं म्हणजे जोडलेलं असणं नव्हे. पेशीतल्या काही कार्बॉक्सिलेज एन्झाइमांवर बायोटिन मुळातच असतं, ती प्रत्येक वेळी यादीत हजर असतात. पेशीच्या त्याच भागात तेच एन्झाइम मोकळं सोडून केलेला नियंत्रण प्रयोग नसेल, तर असा शोधनिबंध मी अर्ध्यात बाजूला ठेवते.

हालचाल पाहायची तर हायड्रोजन-ड्युटेरियम अदलाबदल. ही काही नवी नाही, यंत्रं सुधारल्यामुळे आता कुठे आवाक्यात आली. प्रथिन जड पाण्यात ठेवलं की त्याच्या कण्यातल्या हायड्रोजनची जागा ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचंच जड रूप, घेतं: सैल, उघड्या भागांत झटपट, घट्ट दडलेल्या भागांत सावकाश. ठरलेल्या वेळी पीएच 2.5 च्या आसपास आणि तापमान शून्यापाशी आणून अदलाबदल जवळपास थांबवायची, प्रथिनाचे तुकडे करायचे आणि कुठला तुकडा किती जड झाला ते मोजायचं. इतक्या आम्लात प्रथिन कापणारं नेहमीचं एन्झाइम ट्रिप्सिन चालत नाही, म्हणून जठरातलं पेप्सिन वापरतात. औषधासह आणि औषधाविना असे दोन प्रयोग केले की कुठला भाग शांत झाला ते दिसतं, आणि यासाठी प्रथिनाला आकार असायलाच हवा असंही नाही.

एकेका पेशीतली प्रथिनं मोजण्याचं काम वेगाने पुढे जातंय, पण डीएनएच्या प्रती काढता येतात तशा प्रथिनाच्या काढता येत नाहीत, आहे तेवढ्यावरच भागवावं लागतं. नॅनोपोर, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्र, त्यातून प्रथिन वाचण्याचा प्रयत्नही रंगात आलाय. 2021 मध्ये डेल्फ्टच्या गटाने डीएनएला जोडलेलं एकच पेप्टाइड छिद्रातून पुन्हापुन्हा ओढून एका अमिनो आम्लाचा फरक ओळखून दाखवला. अख्खं अनोळखी प्रथिन वाचणं मात्र फार अवघड आहे: अक्षरं डीएनएसारखी 4 नाहीत, अमिनो आम्लांची 20 आहेत, आणि प्रथिनाचा विद्युतभारही डीएनएसारखा एकसारखा नसतो. पीएचडीचा विषय म्हणून घ्यायचा तर इलेक्ट्रॉनिक्सची आवड असली पाहिजे.

तुमच्या जागी मी असते तर आधी प्रथिन शुद्धीकरण पक्कं केलं असतं. हे जुनाट वाटेल, पण क्रायो-ईएम, मास फोटोमेट्री, ड्युटेरियम या तिन्हींचं दार तिथूनच उघडतं. जोडीला मास स्पेक्ट्रोमेट्रीचा डेटा स्वतः तपासण्याइतकं पायथन किंवा आर या प्रोग्रॅमिंग भाषांपैकी एक. क्रायो-ईएम चालवायला पीएचडीत कोणीतरी शिकवेलच. तिथले सूक्ष्मदर्शक बहुधा सामायिक सुविधेचे असतात आणि सांभाळायला तज्ज्ञ असतात. मुलाखतीत त्यांच्याकडे कोणतं यंत्र आहे हे विचारण्यापेक्षा, नव्या विद्यार्थ्याला पहिली ग्रिड करायला साधारण किती महिने लागतात आणि ती कोण शिकवतं, हे तिथल्या सीनियर विद्यार्थ्यांना बाजूला घेऊन विचारा.