किडनी कोणाची, टिकेल किती?

प्रश्न : नवऱ्याला किडनी द्यायची माझी तयारी आहे, रक्तगटही जुळतो. पण सासूबाई म्हणतात, रक्ताच्या नात्यातलीच किडनी टिकते. खरं आहे का?

अर्धंच. सख्ख्या भावंडांमध्ये ऊतींची जुळणी पूर्ण होण्याची शक्यता चारात एक असते. तशी जुळली, तर त्याहून चांगली किडनी (जुळं भावंड सोडलं तर) मिळत नाही. पण अशी पूर्ण जुळणी सोडली, तर नात्याचा फारसा फरक पडत नाही. अमेरिकेत 1995 साली हजारो रुग्णांची आकडेवारी तपासली गेली, तेव्हा तीन वर्षांनी चालू असलेल्या किडन्यांचं प्रमाण असं होतं: पती-पत्नींनी दिलेल्या 85 टक्के, आईवडिलांनी दिलेल्या 82 टक्के, मृत दात्यांच्या 70 टक्के. जोडीदाराशी जुळणी बहुधा वाईटच असते, तरीही हा निकाल!

कारण किडनीच्या प्रवासात आहे. मृत दाता बहुधा मेंदूमृत (ब्रेन डेड) असतो. अशा व्यक्तीचा रक्तदाब कोसळतो, शरीरभर दाह उसळतो आणि त्याची झळ किडनीलाही बसते. त्यानंतर ती काही तास बर्फात राहते. तुमची किडनी मात्र निरोगी शरीरातून निघून थोड्याच वेळात कामाला लागेल.

उलट दिशेने, म्हणजे नवरा बायकोला देणार असेल, तर एक अडचण येऊ शकते. बाळंतपणात तिच्या रक्तात नवऱ्याच्या ऊतींविरुद्ध अँटीबॉडी तयार झालेल्या असू शकतात. दोघांचं रक्त एकत्र तपासणारी क्रॉसमॅच चाचणी त्यासाठीच करतात.

प्रश्न : आईला मेंदूमृत दात्याची किडनी बसवली, पण आठवड्यानंतरही डायलिसिस चालूच आहे. किडनी वाया गेली का?

नाही, लगेच तसं समजू नका. मृत दात्याच्या किडनीबाबत असं साधारण चारात एकाला होतं. थंडीत राहिलेली किडनी जागी व्हायला काही दिवस, कधी काही आठवडेही घेते. मध्येच डॉक्टरांनी बायॉप्सी (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणी) सुचवली तर घाबरू नका. रिजेक्शन, म्हणजे शरीर किडनीला परकी समजून नाकारत तर नाही ना, हे त्यातूनच कळतं.

प्रश्न : माझे वडील 63 वर्षांचे आहेत. त्यांची किडनी घेऊ की तरुण मृत दात्याची वाट पाहू?

वडील तपासण्यांत उतरले, तर माझं मत त्यांच्या बाजूने. वयाने किडनीचं आयुष्य थोडं कमी होतं हे खरं, पण डायलिसिसवर घालवलेली वर्षं तुमच्या हृदयाचं आणि रक्तवाहिन्यांचं जे नुकसान करतात, ते कोणतीही तरुण किडनी भरून काढत नाही. वडिलांची जोखीमही समजून घ्या: दात्याच्या शस्त्रक्रियेत मृत्यू सुमारे दहा हजारांत तिघांचा होतो. त्यांना मधुमेह असेल तर बहुधा विषय तिथेच संपला.

जिवंत दाता नसेल, तर मात्र मृत दात्याची किडनी नाकारू नका. पहिल्या काही आठवड्यांत धोका डायलिसिसपेक्षा जास्त असतो. पुढे आयुष्य वाढतंच.

प्रश्न : एकूण किती वर्षं धरायची?

ढोबळमानाने, मृत दात्याच्या निम्म्या किडन्या दहा-बारा वर्षांनंतरही चालतात, जिवंत दात्याच्या पंधरा-वीस. रिजेक्शन रोखणाऱ्या टॅक्रोलिमसच्या गोळ्या चुकवल्या, तर दोन्ही आकडे विसरा.