मुलगी परक्यांचं काम फुकट का करते?

प्रश्न : आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. मुलगी सांगलीत बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपवर असते. विचारलं तर म्हणते, पायथॉनच्या एका प्रकल्पातली चूक दुरुस्त करून पाठवली, ती त्यांनी घेतली. पैसे किती मिळाले? काही नाही! पुण्याचा एक क्लास नोकरीची हमी देतोय, पण फी ऐकूनच धडकी भरते. बेदाण्याचे पैसे आले की भरून टाकू का?
– एक पालक, जि. सांगली

उत्तर : दादा, थोडं थांबा. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे : 'ती त्यांनी घेतली'.

हे 'ते' कोण, ते आधी सांगतो. पायथॉन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा कुठल्याही कंपनीच्या मालकीची नाही. गुइडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी 1989 च्या नाताळच्या सुट्टीत ती लिहायला घेतली आणि 1991 मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. 2018 मध्ये ते कारभारातून बाजूला झाले. 2019 पासून निवडून आलेली पाच जणांची समिती निर्णय घेते. गावच्या सोसायटीची पंचकमिटी समजा, फक्त इथे शेअर घ्यावा लागत नाही. या भाषेत लिहिलेले हजारो प्रकल्पही असेच खुले, म्हणजे कुणीही वाचावेत आणि दुरुस्ती सुचवावी असे आहेत आणि तुमच्या मुलीची दुरुस्ती त्यातल्याच एकात गेली.

ती 'घेतली' म्हणजे काय झालं? कुणीतरी अनोळखी जाणकाराने तिची ओळ न् ओळ वाचली, शंका काढल्या, तिने उत्तरं दिली, मगच ती आत गेली. तारखेसह तिच्या नावावर ही नोंद राहते आणि मुलाखत घेणारा ती उघडून बघू शकतो. एवढ्यावर नोकरी लागेल असं मात्र मी म्हणणार नाही. डेटा स्ट्रक्चर (माहितीची मांडणी), डेटाबेस (माहितीचा साठा), गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) हा पाया पक्का लागतोच. राहिला पैशाचा प्रश्न. गुगल समर ऑफ कोड हा कार्यक्रम 2005 पासून चालू आहे, त्यात निवड झाली तर अशाच कामाचं मानधन मिळतं.

आता थोडं तुझ्याशी, बाळ. दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करतेस, छान. आता घरची सौद्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, घे आणि तिचा प्रोग्रॅम लिही : बॉक्स, वजन, दर, अडत, हमाली. पायथॉनचे खरे खाचखळगे तिथेच भेटतील.

पहिला पैशांचा. पायथॉनला 0.1 + 0.2 विचार, उत्तर येतं 0.30000000000000004. दशांश अपूर्णांक यंत्रात द्विमान पद्धतीने साठवले जातात, म्हणून हे होतं. हिशोबाला डेसिमल (Decimal) हा दशांश अचूक ठेवणारा प्रकार वापर आणि त्याला आकडा अवतरणात दे, नाहीतर चूक तशीच आत जाईल. किंवा सरळ पैशांत मोज, रुपयांत नको.

दुसरा जास्त छळतो. फंक्शनच्या (प्रोग्रॅममधल्या पुन्हा पुन्हा वापरायच्या तुकड्याच्या) कंसात 'यादी=[]' लिहिलंस, तर ती रिकामी यादी दर वेळी नवी बनत नाही, फंक्शन तयार होताना एकदाच बनते. मग एका शेतकऱ्याचे बॉक्स पुढच्याच्या पट्टीत दिसायला लागतात. आणि बाजारात असं झालं तर काय होतं, ते बाबांना विचार! कंसात 'नन' (None, म्हणजे 'काहीच नाही') ठेव आणि यादी आत बनव.

एक गंमत : पट्टीवरचा '४५२' हा मराठी आकडा 'इंट'ला (int, मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) दिलास तर तो निमूट 452 करून देतो. 2008 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून व्हेरिएबलला, म्हणजे प्रोग्रॅममध्ये किंमत साठवायच्या जागेला, मराठी नावंही चालतात. घरच्या प्रोग्रॅमला खुशाल दे. सामायिक प्रकल्पात मात्र इंग्रजीच, कारण वाचणारा ब्राझीलचाही असेल.

अडलीस तर एरर खालून वर वाच, काय बिघडलं ते शेवटच्या ओळीत असतं. तरी सुटलं नाही तर प्रकल्पाच्या ऑनलाइन चर्चेत विचार, पण स्क्रीनचा फोटो पाठवू नकोस. चूक दाखवणारा सर्वांत छोटा कोड, पायथॉनची आवृत्ती आणि पूर्ण एरर मजकूर म्हणून दे. 'सर, प्लीज हेल्प, अर्जंट' याला उत्तर येत नाही. तिथे कुणी सर नसतं, नावाने हाक मारतात, त्यात उद्धटपणा नाही. दुरुस्ती परत आली तर मनाला लावून घेऊ नकोस, मुरलेल्यांचीही येते.

पुण्यात पायथॉनवाल्यांच्या बैठका होतात. पायकॉन इंडिया हे देशपातळीवरचं संमेलन 2009 मध्ये बंगळुरूत सुरू झालं आणि 2011 मध्ये पुण्यात भरलं होतं. दादा, अशा एखाद्या बैठकीला तिला जाऊ द्या, पहिल्या खेपेला हवं तर सोबत जा.

आणि क्लासला जायचंच ठरलं, तर फी भरण्याआधी 'हमी' कागदावर मागा. नोकरी नाही लागली तर किती पैसे, किती दिवसांत परत, हे त्यात लिहिलेलं हवं. मागच्या बॅचच्या दोघा-तिघांशी मुलीला स्वतः बोलू द्या. यातलं काही द्यायला त्यांनी टाळाटाळ केली, तर बेदाण्याचे पैसे बँकेतच असू द्या.